गुळाचे खांब

खांब दिसला की मी त्याच्यावर बोटाचं पेर वाजवून बघते. ही सवय मला शारजात लागली, साठ सालानंतरच्या त्या दोन-चार वर्षांत, आणि अजून सुटलेली नाही. मुलगा आता अबुधाबीत अल रीम आयलंडवर राहतो. त्याच्या बिल्डिंगच्या लॉबीत उंच पांढरे खांब आहेत, अंगावर वरपासून खालपर्यंत उभ्या पन्हळी असलेले. मी ठोकून बघते. आत पोकळ असतात. नात कुजबुजते, "दादी, स्टॉप इट, पीपल आर लुकिंग." बघू देत. पोकळ खांबाला लाज वाटत नाही, तर मला कशाला वाटावी?

असेच खांब, पण भरीव, मी आयुष्यात एकदा तयार होताना पाहिले. ते उभे राहतात की नाही या काळजीत आमच्या घरात काही दिवस कुणाला धड घास गेला नव्हता.

आम्ही रत्नागिरीच्या खाडीकाठचे. माझा नवरा सुतार. घराण्याचं काम होड्या बांधायचं, पण शारजात त्याला एका काँट्रॅक्टरकडे साचे बनवायचं काम मिळालं. काँक्रीट ओतायच्या आधी लाकडाचा जो साचा उभा करतात, तो. शारजातल्या रोल्ला भागातल्या मोठ्या वडाजवळ, खजुराच्या झावळ्यांच्या भिंतींचं आमचं घर होतं. त्या काळी आपल्याकडच्या बायका तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पाणी गाढवावरून पत्र्याच्या डब्यांतून यायचं आणि ते खारट आहे की गोड यावर गाढववाल्याशी माझी रोज जुंपायची. माझा स्वभाव तेव्हाही असाच होता.

एका वर्षी सासू गेली, आणि सासऱ्यांनी थापी खाली ठेवली. आम्ही सगळे त्यांना अब्बा म्हणायचो. अब्बा चुन्याचे मिस्त्री. आमच्या पट्ट्यातल्या कितीतरी मशिदींच्या कमानी आणि मिनारांवरची नक्षी त्यांच्या हातची. पण बायको गेल्यावर त्यांनी कामाला जाणं सोडलं, लोकांत बसणं सोडलं, आणि जेवणाचं नुसतं नाव करू लागले. गावाकडून निरोप आला की म्हातारा वाळत चाललाय. नवऱ्याने आपल्या साहेबांना गळ घातली आणि अब्बांना बोटीने शारजाला आणवलं.

आले ते दारात बसले. सकाळी दारात, दुपारी दारात, संध्याकाळी उन्हं उतरली तरी दारात. मी तांदळाची भाकरी करायचे, सुरमई तळायचे, ते चतकोर भाकरी चघळत बसायचे आणि उरलेलं ताट हळूच माझ्याकडे सरकवायचे. ताटात टाकलेलं अन्न बघितलं की माझं डोकं फिरतं. पण म्हाताऱ्या माणसावर ओरडणार कशी? मग मी भांडी आपटायचे. सासूचाही राग यायचा, खरं सांगते. स्वतः सुटली आणि हा माणूस असा अर्धा माझ्या ओट्यावर ठेवून गेली.

आता साहेबांविषयी सांगते. नवऱ्याचे इंजिनिअर साहेब ग्रीक होते. आमच्या लोकांनी त्यांना 'युनानी साहेब' करून टाकलं, आणि युनानी म्हटल्यावर आमच्याकडे माणसाला हकीमच आठवतो. शेजारची भाभी मला दोनदा विचारून गेली की साहेब गुडघेदुखीवर काही देतात का. बिचारे साहेब खाडीकाठी गोदामं आणि गटारं बांधत होते. ठेंगणे, उन्हाने तांबडे झालेले, मोडकंतोडकं हिंदी बोलणारे.

त्या वर्षी गावातल्या एका मोठ्या अरब व्यापाऱ्याला आपल्या वडिलांच्या नावाने सबील बांधायची होती. जाणाऱ्या-येणाऱ्याने थांबून गोडं पाणी प्यावं, अशी जागा. या व्यापाऱ्याचे वडील जन्मभर मोती विकायला मुंबईला जायचे, आणि फोर्टातल्या टाउन हॉलच्या त्या प्रचंड खांबांचं वर्णन मुलाला ऐकवायचे. मुलाला तसलेच खांब हवे होते. साहेबांना विचारलं, जमेल का? साहेबांचे डोळे लकाकले असणार. कारण ते खांब मूळचे त्यांच्याच देशातले. इंग्रजांनी ते मुंबईत नेऊन लावले, मोतीवाल्याने ते डोळ्यांत साठवून शारजाला आणले, आणि आता ते उभे करायला पुन्हा एक ग्रीकच सापडला होता.

साहेबांनी चित्र काढलं. समुद्राकडच्या रस्त्यावर सहा खांब गोलाकार उभे, वरून त्यांना जोडणारी एक गोल तुळई, मध्ये पाण्याचा दगडी हौद आणि नळ. वर छप्पर नाही. नवऱ्याने ते चित्र मला जमिनीवर काडीने काढून दाखवलं तेव्हा मी विचारलं, "छप्पर नाही तर खांब कशाला?"

"साहेब म्हणतात, त्यांच्याकडे जुनी देवळं अशीच उभी आहेत. छपरं गेली, खांब राहिले. लोक लांबून बघायला येतात."

"म्हणजे पडकं घर मुद्दाम बांधायचं?"

"तुला सांगून उपयोग नाही," तो म्हणाला. गावातही कुणीतरी कुरकुरलं की हा बुतखान्याचा, मूर्तींच्या देवळाचा आकार आहे. व्यापाऱ्याने उत्तर दिलं की तहानेला आकार नसतो, आणि विषय संपला. पण दारात बसलेल्या अब्बांनी त्या दिवशी मान वळवून जमिनीवरचं चित्र बराच वेळ पाहिलं. "छप्पर गेलं तरी उभे आहेत?" त्यांनी विचारलं. नवरा हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्याच्याबरोबर कामावर गेले.

पहिला खांब फसला. सहाही साचे नवऱ्याने स्वतः बनवले होते, होडीच्या फळ्या जोडतात तशा अरुंद फळ्या जोडून, आणि पन्हळी उमटाव्यात म्हणून आतून गोलसर पट्ट्या ठोकून. साच्यात खोट नव्हती. पण त्या वर्षी बकरीद ऐन उन्हाळ्यात आली होती, आणि व्यापाऱ्याचा शब्द होता की ईदच्या दिवशी पाणी सुरू झालं पाहिजे. त्या उन्हात काँक्रीट ओतता ओतताच आवळत गेलं. साचा उघडला तर खांबाला वरपासून भेग आणि पन्हळींच्या कडा फळीला चिकटून निघालेल्या. साहेबांनी तो फोडायला लावला. नवरा घरी येऊन तसाच झोपला. अब्बांची मुद्रा मात्र मी पाहिली. विचार करणाऱ्या माणसाची मुद्रा होती ती, आणि ती मी किती महिन्यांनी पाहत होते.

दुसऱ्या दिवशी निघताना ते चुलीपाशी आले. "पोरी, गूळ आहे का?"

माझा कानांवर विश्वास बसेना. या माणसाने शारजात आल्यापासून स्वतःहून पाणीसुद्धा मागितलं नव्हतं. गावाहून आलेल्या माणसाबरोबर माझ्या आईने गुळाची एक लहान ढेप पाठवली होती आणि मी ती जिवापाड जपत होते. ढेप फोडली आणि चांगला मोठा खडा त्यांच्या हातावर ठेवला. तो त्यांनी रुमालात बांधून घेतला. म्हटलं, असेल, कामाच्या मध्ये चघळायचा असेल. त्याच्या पुढच्या सकाळी पुन्हा मागितला, जरा जास्त. मी दिला. मग पुन्हा. मला इतका आनंद झाला होता की मी भाभीला जाऊन सांगितलं, अब्बांच्या तोंडाला चव आली. ताट अजून अर्धंच परत येत होतं, पण मी स्वतःची समजूत घातली की गुळाने भूक भागत असेल. त्या तीन-चार दिवसांत, फोडलेला धरून, सहाही खांब ओतून झाले आणि साचे उभे राहिले.

मग एका दुपारी नवरा अवेळी घरी आला. घामाने निथळलेला, आणि चेहरा असा की मला वाटलं कुणी पडलं-बिडलं.

"घरात गूळ आहे?"

"होता. थोडा उरलाय. अब्बा खातात ना रोज," मी अगदी अभिमानाने म्हणाले.

"अब्बा खात नाहीत," तो म्हणाला. "खांब खातात."

झालं होतं ते असं. सकाळी साहेबांनी पहिल्या साच्याची एक फळी काढायला लावली. काँक्रीट कधीच घट्ट व्हायला हवं होतं, तर आत बोट रुतलं. ओली माती असावी तसं. साहेबांना वाटलं सिमेंट जुनं असेल. त्याच गोणीतलं थोडं वेगळं कालवून उन्हात ठेवलं, ते बघता बघता दगड झालं. मग पाणी खारट असेल म्हणून गाढवावरून नुकतंच आलेलं पाणी चाखलं. तेही ठीक. आणि मग साहेबांना साच्यांवर चढणाऱ्या मुंग्या दिसल्या. सहाही साच्यांवर, ओळीने. त्यांनी ज्या पिंपात अब्बा काँक्रीट कालवायचं पाणी भरून ठेवायचे त्याच्या तळाला बोट लावलं आणि जिभेला लावलं.

आता यात अब्बांचं चुकलं म्हणणार तरी कसं? आमच्याकडे चुना कधी नुसता कालवत नाहीत. गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी घातल्याशिवाय चुन्याला ताकद येत नाही, भेगा पडतात. अब्बांच्या बापाने तसंच केलं, आजाने तसंच केलं. पहिला खांब भेगाळलेला पाहिल्यावर त्यांना वाटलं, गूळ घालायचा राहिला. इतकी साधी गोष्ट. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही वाटलंच नाही. आमटीत मीठ घातलं हे मी कधी कुणाला सांगायला जाते? पण चुन्याला जे अमृत ते सिमेंटला विष निघालं. साखर पडली की सिमेंट लवकर आवळत नाही, आणि जास्त पडली तर कधीच आवळत नाही. हे साहेबांना माहीत होतं, आम्हाला नव्हतं.

"आता?" मी विचारलं.

"खांब फोडावे लागले तर नवं सिमेंट पुढच्या जहाजाशिवाय नाही. म्हणजे ईद गेली. साहेब भले माणूस आहेत, पण वर व्यापारी बसलाय. अब्बांना पुढच्या बोटीने परत पाठवावं लागेल, असं म्हणाले."

नोकरीचं मला काही वाटलं नाही, नवऱ्याचा हात कुठेही चालला असता. पण हा माणूस इतक्या महिन्यांनी उठून कामाला लागला होता. तो आता 'आपल्या हाताने सगळं नासलं' एवढं एकच ओझं घेऊन त्या रिकाम्या घरात परत गेला, तर पुन्हा उठणार नव्हता. मला ते स्वच्छ दिसत होतं.

तासाभराने साहेब स्वतः आले, अब्बांना बरोबर घेऊन. माझ्या घरात बसायला एक पेटी होती, तिच्यावर बसले. अब्बा दारातच उभे राहिले. कुणीतरी त्यांना समजावून सांगितलं होतं एवढं त्यांच्याकडे बघून कळत होतं. साहेबांनी विचारलं, "मिस्त्री, कितना? शुगर कितना डाला?"

"खडा," अब्बा म्हणाले. "दर खांबाला एक खडा. अंदाजाने."

"कितना बडा?"

अब्बांनी हात पुढे केला, बोटं मिटली, पुन्हा उघडली. त्यांना सांगता येईना. मला ते बघवेना. मी उठले, फडताळातून उरलेला गूळ काढला आणि साहेबांच्या हातात दिला. ढेप आली तेव्हा केवढी होती ते दोन्ही हातांनी दाखवलं. त्यातला चहाला किती गेला, ईदच्या खिरीसाठी बाजूला किती काढला, आणि रोज अब्बांना किती दिला, सगळं घडाघडा सांगितलं. पदर सावरायचंही भान नव्हतं. नवरा हिंदीत सांगत गेला. साहेबांनी गूळ तळहातावर तोलला, डोळे मिटून मनाशी हिशेब केला, मग पुन्हा तोलला.

तेवढ्यात अब्बा हळूच म्हणाले, "चुन्यात जन्मभर घातला. ती उकळून द्यायची."

ती म्हणजे माझी सासू. इथे आल्यापासून तिचा उल्लेख त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. मिस्त्री लोकांच्या घरी गुळाचं पाणी उकळून द्यायचं काम बायकांचंच असतं, हे मला माहीत होतं. पण सकाळी चुलीपाशी येऊन त्यांनी माझ्याकडे गूळ मागितला तेव्हा मला ते आठवलं नाही. मला रडू आलं. मी चुलीकडे तोंड केलं आणि चहा टाकला. साखरेचा. गूळ घालायची छाती झाली नाही.

साहेब चहा पिऊन उठले. "चुना अलग, सिमेंट अलग," ते अब्बांना म्हणाले, पण आवाज रागाचा नव्हता. मग नवऱ्याकडे वळून म्हणाले, "जादा नहीं है. मे बी होगा, मे बी नहीं होगा. नो टच. कोई हात नहीं लगाएगा. गीला गोणपाट, सुबह-शाम पानी. वेट." आणि दाराबाहेर पडताना ख्रिस्ती माणूस आम्हाला म्हणाला, "इन्शाल्ला."

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते विचारू नका. अब्बा उजाडताच जायचे, साच्यांवरची गोणपाटं भिजवायचे आणि सावली फिरेल तसे खांबाखांबामागून सरकत बसून राहायचे. दुपारी मी भाभीला बरोबर घेऊन त्यांचा डबा न्यायचे. एकदा पाहिलं तर ते एका फडक्याने मुंग्या हाकलत होते, एकही न मारता, अगदी सबुरीने. डबा तसाच परत आणायचा हे ठरलेलं. भाभीने एकदा काही बोलायला तोंड उघडलं होतं, मी तिच्याकडे असं पाहिलं की तिने ते मिटलं.

ईद तोंडावर आली तेव्हा साहेब म्हणाले, यल्ला, बघू. मी डबा घेऊन तिथेच होते. नवऱ्याने पहिल्या साच्याची एक अरुंद फळी सोडवली. साहेबांनी अंगठा दाबला. रुतला नाही. नखाने ओरखडून पाहिलं. मग बोटाचं पेर वाजवलं, आणि मग नवऱ्याच्या हातातली हातोडी घेऊन तिच्या दांड्याने ठोकलं.

टण्.

तो आवाज मला आजही ऐकू येतो. सगळ्या फळ्या काढल्या. खांब पांढरट, गुळगुळीत, पन्हळीच्या कडा अशा धारदार की बोट कापावं. एक भेग नाही. सावकाश आवळत गेला म्हणून उन्हाने तडकला नाही, असं साहेब नंतर म्हणाले. दुसरा, तिसरा, चौथा, सगळे ठणठणीत. शेवटचा मात्र आतून अजून दमट वाटला. त्याला अब्बांनी मोठा खडा घातला होता, कारण तो समुद्राच्या बाजूचा, वाऱ्यातला. त्याच्यासाठी आणखी थांबावं लागलं, आणि तो वाजेपर्यंत माझा जीव काही भांड्यात पडला नाही. वाजला तेव्हा मी तिथेच वाळूत बसले. हसले की रडले, भाभीला विचारायला हवं.

साहेबांनी अब्बांच्या खांद्यावर हात ठेवला. "मिस्त्री. नेक्स्ट टाइम, नो शुगर."

अब्बांनी छातीवर हात ठेवून मान लववली. बोटीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

वरची तुळई घाईघाईने चढली आणि ईदच्या सकाळी नमाजानंतर पाणी सुरू झालं. व्यापाऱ्याने पहिला पेला अब्बांना दिला असं लिहायला मला आवडलं असतं, पण त्याने तो आपल्या मुलाला दिला, आणि ते बरोबरच होतं. मग सगळे प्याले. गाढववालाही प्याला. भाभी माझ्या कानाशी लागून म्हणाली, "छान झालंय. छप्पर कधी घालणार?" पुढे रस्ता रुंद झाला तेव्हा ते सगळं पाडलं. मी बघायला गेले नाही.

त्या दिवशी दुपारी आम्ही जेवायला बसलो. मी मटण केलं होतं, तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. अब्बांनी ताट माझ्याकडे सरकवलं, आणि मी सवयीने भांडं आपटायच्या बेतात होते, तर ताट रिकामं होतं. त्यांना आणखी हवं होतं. मी वाढलं. तेही संपलं. मग हात धुऊन ते चुलीपाशी आले.

"पोरी, गूळ आहे का?"

माझा हात जिथल्या तिथे थांबला. नवराही खाता खाता थांबला.

"कशात घालायचाय?" मी विचारलं.

"तोंडात," अब्बा म्हणाले.

मी उरलेला सगळा गूळ त्यांच्या हातावर ठेवला, आणि तो तोंडात जाईपर्यंत तिथून हलले नाही.